दोन कॅमेरे, एक ऊन

सदरच्या दुकानात पार्लावारांनी काचेवर
मखमलीचा तुकडा पसरला
आणि सोनार पाटल्या ठेवतो तसे
दोन्ही ठेवले, एक काळा, एक चंदेरी.
काळा ब्याण्णव हजार.
चंदेरी एक लाख अठरा.
"घाई नका करू मॅडम, हातात घेऊन पाहा."

धंतोलीच्या लॅबमध्ये मी दिवसभर
काचपट्टीवरचं परक्यांचं रक्त पाहते.
पांढऱ्या पेशी मोजते, जातवार,
शंभर झाल्या की मोजणीयंत्र टिंग करतं.
माझा हात हलत नाही, मी अभिमानानं सांगितलं.
पार्लावार म्हणाले,
आता हाताचं काही राहिलं नाही,
आतला सेन्सरच थरथर सावरून घेतो.
जरा वाईट वाटलं.

सहा महिन्यांची वही आहे माझ्याकडे,
मधोमध रेघ.
काळा : हलका. करंगळी बाहेर लटकते.
चंदेरी : अंधारात दाणा कमी. मेनू म्हणजे भूलभुलैया.
काळा : बॅटरी गोरेवाड्याला दुपारपर्यंत पुरेल का?
चंदेरी : पुरेल. पण पगार पुरेल का?
धाकटी बहीण वही चाळून म्हणाली होती,
स्थळं पाहतानासुद्धा तू इतकी चौकशी केली नव्हतीस.
केली नव्हती, हे खरं आहे.

"बाहेर जाऊन काढून पाहा. रस्ता तेवढा ओलांडू नका."
कार्ड माझंच घातलं.
नवतपाचा तिसरा दिवस, साडेबाराचं ऊन,
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
समोर कडुनिंबाखाली एकजण
टिनाचा कूलर उघडून
जाळीत वाळा भरत होता,
मूठ मूठ, वेणी घालावी तसा दाबून.
मी अलीकडूनच टिपला.
आधी काळ्यानं, मग चंदेरीनं.
छिद्र तेच, वेग तोच, माणूस तोच.
काळ्यानं कडुनिंबाची सावली निळसर केली.
चंदेरीनं मानेवरचा घाम सुटा सुटा ठेवला,
थेंबागणिक.

त्यानं पाहिलं. वाळ्याची मूठ घेऊनच रस्ता ओलांडून आला.
"काऊन काढून राहिल्या फोटो?"
तुलना करतेय, म्हटलं.
"माही?"
कॅमेऱ्यांची.
"मंग मी काऊन?"
तुम्ही हलत नव्हता म्हणून.
हे त्याला पटलं असावं.
नाव सांगितलं, रूपचंद हेडाऊ, गोळीबार चौक,
आणि हात पँटला पुसून म्हणाला, दाखवा.

मी चेहरा मोठा करून दिला.
त्यानं तो अंगठ्यानं बाजूला सारला,
खाली गेला, जाळी, पाण्याचा टप, कोपरा,
आणि थांबला.
"पंपाची तार पाहा. सोलली आहे.
टिनाले टेकून राहिली."
पुढे बोलला नाही.
हा कूलर संध्याकाळी मानकापूरला जायचा होता,
खाली रांगणारं पोर असलेल्या घरात,
हे त्यानं परत वळताना सांगितलं, निम्मं स्वतःलाच.

तार चंदेरीवर दिसली होती.
मी घाईघाईनं काळ्यावर उघडून पाहिलं.
तिथेही होती.
तांब्याचा एवढासा चकाकता टाका,
दोन्हींत, स्वच्छ.
मी त्याच कोपऱ्यात दोनदा जाऊन आले होते,
सावलीतला दाणा मोजायला.

तो दातानं काळी टेप तोडत होता.
मी उन्हातच उभी, गळ्यात दोन पट्टे,
दोन लाख दहा हजारांचा ऐवज.
काचेच्या दारातून पार्लावार खुणावत होते,
मग? कोणता?

काळा घेतला.
करंगळी अजून बाहेरच असते.
चंदेरी वाईट होता असं नाही,
कोणी विचारलं तर मी त्याचीच शिफारस करते.

रात्री वहीत रेघेच्या दोन्ही बाजूंना
एकेक ओळ वाढवली :
तार दिसते.
तार दिसते.
कूलर चालू होता, वाळ्याचा वास,
मी उठले,
आणि बटण बंद करून
मागची जाळी काढायला घेतली.